कारकून आणि जावई, एकाच फेऱ्यात

कागदोपत्री वळूंना आकडे असतात. पण आकड्याने हाक मारली तर वळूही मान वर करत नाही. म्हणून त्या पैदास केंद्रातल्या दोन तरुण वळूंना गोठ्यातल्या माणसांनी आपल्या मनाने नावं पाडली होती. एक कारकून आणि दुसरा जावई.

कारकून नावाप्रमाणे वागे. सकाळी सोडला की तो स्वतःच्या पायांनी नमुना घ्यायच्या जागेकडे चालू लागे. तिथे लोखंडी चौकटीवर कातडं चढवलेली एक खोटी गाय उभी असे. ती खोटी आहे हे कारकुनाला ठाऊक असणारच. पण नोकरीत असले विषय काढायचे नसतात, हेही त्याला ठाऊक होतं. तो काम उरकी, नमुना देई आणि मागे वळूनही न पाहता आपल्या दावणीला जाऊन उभा राही.

जावयाचं सगळंच निराळं. त्याला आधी आवारातून फिरवून आणावं लागे. मग तो खोट्या गायीला एका बाजूने पाही, दुसऱ्या बाजूने पाही आणि ‘यापेक्षा बरं काही नव्हतं का तुमच्याकडे?’ असा चेहरा करून उभा राही. जमीन ओली असली की तो रुसे, कोरडी असली की पाय आपटे. मध्येच कुणी शिंकलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार माणसं त्याच्या मागेपुढे करत, त्याची मर्जी सांभाळत, आणि शेवटी एकदाचा तो नमुना देई तेव्हा सगळ्यांना त्याने उपकार केल्यासारखं वाटे.

ही सगळी वरात डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात होती. त्या गुरांच्या डॉक्टर. गोळा केलेला नमुना भिंतीतल्या एका छोट्या खिडकीतून पलीकडे प्रयोगशाळेत सरकवायचा. पलीकडे त्यांचे यजमान प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि कामाच्या वेळात त्यांना बायकोसकट सगळे ‘साहेब’ म्हणत. खिडकीशी नमुना हातात घ्यायला उभी असे ती साहेबांची धाकटी बहीण. हिने जीवरसायनशास्त्रात पदवी घेतली होती आणि भावाच्या हाताखाली लागून तिला रोज थोडाथोडा पश्चात्ताप होत असे. म्हणजे भिंतीच्या एका अंगाला भावजय, दुसऱ्या अंगाला नणंद, आणि दोघींमध्ये देवाणघेवाण कसली, तर वळूच्या वीर्याची. नवराबायकोला एकाच ठिकाणी नेमणूक मिळावी म्हणून लोक अर्ज करतात. मिळाल्यावर दुसरा अर्ज का करतात, ते या भिंतीपाशी उभं राहिलं की कळत असे.

त्या दिवशी खिडकीतून नमुन्याऐवजी बातमी आली.

“वहिनी,” धाकटी खिडकीत डोकं घालून म्हणाली, “दादाने अहवाल पूर्ण केलाय. कारकुनाचं नाव काढायला दिलंय.”

“काढायला म्हणजे?”

“निर्लेखित.”

डॉक्टरीणबाईंनी हातातला मोजा काढला आणि पुन्हा घातला. निर्लेखित हा शब्द मोडक्या खुर्चीसाठी, फुटक्या बादलीसाठी आणि न चालणाऱ्या पंख्यासाठी असतो. केंद्राच्या हिशोबात वळूही त्याच जडवस्तूंच्या यादीत बसत. मुख्य कार्यालयाचा हुकूम होता की यंदा खर्चकपात म्हणून प्रत्येक केंद्राने यादीतला एक मोठा नग कमी करावा. तो ठरवायला समिती येत्या आठवड्यात यायची होती. वळू यादीतून निघाला की लिलावात जातो, आणि लिलावात वळू विकत घेऊन त्याला कुणी शाळेत घालत नाही.

आणि कारकून तर डॉक्टरीणबाईंच्या हातचा होता. जन्मताना पायाळू आला होता. त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून, घामाघूम होऊन, तोंडाने त्याच्या आईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याला बाहेर ओढलं होतं. बाहेर पडल्यावर त्याने फारसा आरडाओरडा न करता उभं राहून दूध प्यायला सुरुवात केली. तेव्हापासून त्यांना तो आवडायचा. केंद्रात दुसरं कुणी इतकं मुकाट्याने कामाला लागत नसे.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी विषय काढला. घरी साहेब साहेब नसत, फक्त ‘अहो’ असत.

“अहो, कारकुनात काय खोट आहे?”

“त्याच्यात जीव नाही,” साहेब घास घेत म्हणाले. “म्हणजे शुक्रजंतूंत. प्राणवायू घेतच नाहीत ते. साखर दिली तरी ढिम्म. जावयाचे बघ, नुसती आग! पेशींच्या श्वसनाचा इतका सुंदर आलेख मी आयुष्यात पाहिला नाही.”

“गोठ्यात तर कारकून एका मिनिटात मोकळा होतो. जावई आम्हाला रडवतो.”

“गोठ्यातलं मला सांगू नकोस. बाहेरून काय दिसतं त्याला शास्त्रात किंमत नाही. आत काय चाललंय ते महत्त्वाचं.”

“पण वासरं होऊन कळेपर्यंत तरी थांबा!”

“वासरं व्हायला वर्ष जातं. समिती मंगळवारी येतेय.”

साहेबांनी या कामासाठी स्वतःचा एक आकडा शोधून काढला होता. त्याचं नाव सुस्ती-अंक. शुक्रजंतूंनी किती प्राणवायू ओढला, किती साखर संपवली, किती आम्ल तयार केलं, या सगळ्याचा भागाकार-गुणाकार करून शेवटी एक आकडा निघायचा. आकडा मोठा तर वळू आळशी. परिषदेत त्यांनी तो सांगितला तेव्हा पुढच्या रांगेतले दोघे जागे झाले होते. त्यामुळे साहेबांचा त्या आकड्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता, आणि त्यांना पोटचं पोर नसल्यामुळे जरा जास्तच.

“अगं दादा,” शेजारीच जेवत बसलेली धाकटी म्हणाली. चिडली की ती भावालाही ‘अगं’ म्हणे. “कारकुनाचा नमुना येतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली वादळ असतं. मी स्वतः पाहिलंय. नुसत्या लाटा!”

“कधी पाहिलंस?”

“येतो तेव्हा.”

“मी मोजतो तेव्हा नसतं,” साहेब म्हणाले आणि ताक मागितल्यासारखा हात पुढे करून त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

भांडी आवरताना मात्र तो दोघींच्यात पुन्हा सुरू झाला.

“तू म्हणतेस येतो तेव्हा वादळ, हे म्हणतात मोजतो तेव्हा ढिम्म,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मध्ये काय करता तुम्ही त्याचं?”

“मध्ये काहीच करत नाही.”

“काहीतरी करतच असाल. माझ्या हातून गरम-गरम जातो तो.”

“खरंच काही नाही गं वहिनी. कोमट पाण्याच्या टाकीत ठेवतो. जावयाचा येईपर्यंत.”

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं ताट नळाखाली तसंच राहिलं आणि पाणी कोपरापर्यंत आलं.

“जावयाचा येईपर्यंत?”

“हो. मग दोघांना एकदम फिरवतो.”

हे एकदम फिरवणं म्हणजे साहेबांच्या प्रयोगशाळेचा पाया होता. वीर्यातून शुक्रजंतू वेगळे करायचे, तर नळ्या एका यंत्रात ठेवून गरागरा फिरवतात. जड ते तळाशी बसतं, वरचं पाणी ओतून टाकतात आणि खालच्या जंतूंना ताज्या द्रावणात धुऊन घेतात. हे यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज. त्याचा एक हट्ट असतो. एका बाजूला नळी ठेवली की समोरच्या बाजूला तितक्याच वजनाची दुसरी नळी लागते, नाहीतर ते थरथरत टेबलावरून चालू लागतं. जगात इतरत्र असं काही एकटं फिरवायचं असलं तर समोर पाण्याची नळी ठेवतात. साहेबांना पाणी मान्य नव्हतं. ‘पाण्याशी कसली तुलना?’ असं ते विचारीत. दोन वळूंची तुलना करायची, तर दोघांच्या नळ्या समोरासमोर, एकाच फेऱ्यात, एकाच वेगाने, एकाच वेळी फिरल्या पाहिजेत. यालाच ते निःपक्षपात म्हणत आणि दर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समजावून सांगत. ऐकायला ते इतकं न्याय्य वाटे की आजवर कुणाला त्यात काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

“म्हणजे,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, “माझा कारकून वेळेवर येतो, आणि मग जावईबापूंची मर्जी होईपर्यंत त्याची पोरं त्या कोमट पाण्यात दाटीवाटीने बसून राहतात. असलेली साखर खाऊन संपवतात. स्वतःच तयार केलेल्या आंबट रसात गुदमरतात. आणि जावयाची ताजी ताजी येऊन समोर बसतात.”

“आणि मग दोघांचं श्वसन एकदम मोजलं जातं,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “निःपक्षपाताने.”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग दोघींना एकदम हसू फुटलं. बाहेरच्या खोलीतून साहेबांनी “काय झालं?” म्हणून विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाई “ताट निसटलं” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटीने भावाला सरळ सांगून पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढणं हे वाईट लक्षण होतं.

“म्हणजे माझी पद्धत चुकीची?”

“पद्धत नाही रे दादा, ताटकळणं.”

“टाकीचं तापमान बरोबर असतं. वळूच्या शरीरातलंच तापमान ते. शुक्रजंतूंना घरच्यासारखं वाटतं तिथे.”

“घरच्यासारखं वाटलं म्हणूनच तर खात बसतात.”

“हे बघ, जो उमदा असेल तो थांबूनही उमदाच राहील,” साहेब म्हणाले. “आणि पाण्यासमोर मी काही फिरवणार नाही. एकाच फेऱ्यात, समोरासमोर. हा नियम मी केलाय आणि तोच पाळायचा.”

“पाळू,” धाकटी म्हणाली. ती इतक्या पटकन हो म्हणाली की शहाण्या माणसाने तिथेच ओळखलं असतं.

मंगळवार उजाडला. समिती सकाळी येणार म्हणून साहेब इस्त्रीचा पांढरा कोट घालून फाटकापाशी पुष्पगुच्छ घेऊन उभे राहिले. फुलं आधी टवटवीत होती, मग बरी होती, मग नव्हती. समितीने केंद्राला अगोदरच कळवलं होतं की पाहणी त्याच दिवसाच्या ताज्या नमुन्यावर व्हावी आणि निकाल समितीसमोरच सांगावा. साहेबांनी त्यात आपल्याकडून भर घातली होती की नळ्यांवर वळूंची नावं नसतील. नुसती अक्षरं असतील, आणि कोणतं अक्षर कोणाचं हे फक्त धाकटीला ठाऊक असेल. आपण आकडे पाहूनच वळू ओळखून दाखवू. निःपक्षपात दिसलाही पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

गोठ्यात कारकुनाने नेहमीच्या वेळेला नमुना दिला आणि चाऱ्याला तोंड लावलं. डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीतून सरकवला.

“घे. आणि नियम पाळ हं.”

“तंतोतंत,” धाकटी म्हणाली.

तिने कारकुनाच्या नमुन्याचे तीन सारखे भाग केले. त्यातले दोन भाग तिने यंत्रात समोरासमोर ठेवले. कारकुनासमोर कारकून. वजन बरोबर, एकच फेरा, एकच वेग, आणि पाण्याचा थेंब कुठे नाही. तक्रारीला जागाच नव्हती. ते दोन भाग लगेच फिरले, धुतले गेले, एकत्र करून मोजले गेले. तिसरा भाग रिवाजाप्रमाणे टाकीत जावयाची वाट पाहत बसला.

जावई त्या दिवशी विशेष रंगात होता. नवी माणसं येणार म्हणून आवार धुतलं होतं, आणि ओल्या जमिनीवर पाऊल टाकायला तो तयार नव्हता. पोती अंथरली. पोत्यांचा वास त्याला पसंत पडला नाही. एकाने त्याची पाठ खाजवली, दुसऱ्याने मान, तिसरा समोर उभा राहून “चला, चला ना आता” म्हणून अजिजी करत होता. डॉक्टरीणबाई एरवी अशा वेळी जावयाच्या नावाने बोटं मोडत. त्या दिवशी त्या खुर्ची टाकून निवांत बसल्या होत्या.

“घाई करू नका रे त्याला,” त्या माणसांना म्हणाल्या. “मानाने होऊ दे.”

शेवटी जावयाचा नमुना मिळाला तो नेमका समितीची गाडी फाटकात शिरत असताना. अध्यक्ष झोप पुरी झालेल्या माणसासारखे ताजेतवाने उतरले. दोन सदस्य मागून उतरले. साहेब पुढे झाले, पण इतका वेळ उभं राहून त्यांचा पाय झोपला होता, त्यामुळे स्वागत लंगडतच झालं. सुकलेला गुच्छ अध्यक्षांनी हातात घेतला आणि तसाच सदस्याकडे दिला. मग सगळे प्रयोगशाळेत आले. जावयाचा नमुना आणि कारकुनाचा उरलेला भाग यंत्रातून एका फेऱ्यात फिरून निघाले, मोजले गेले, आणि धाकटीने तीन आलेख भावासमोर मांडले. अ, आ आणि इ.

“तीन?” साहेब हळूच म्हणाले.

“नावं झाकायची म्हणालास ना?” ती त्याहून हळू म्हणाली.

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले होते. साहेबांनी आलेख पाहिले आणि त्यांचा पाय जागा झाला.

“हा अ पाहा,” ते म्हणाले. “काय श्वसन आहे! साखर दिल्याबरोबर उसळी घेतोय. उमदा वळू. याला कुठल्याही किमतीला सोडू नये. हा इ, हाही उत्तम, पण अ-च्या मानाने किंचित खाली. आणि हा आ...” त्यांनी चेहरा दुःखी केला. “सुस्ती मूर्तिमंत. प्राणवायूची ओढ नाही, आम्लाचा चिखल. असा वळू पोसणं म्हणजे गवताची नासाडी. हा आजच्या आज काढावा.”

“वा,” अध्यक्ष म्हणाले. “स्पष्ट बोलणारा माणूस मला आवडतो. मग कोण कोणता?”

साहेबांनी राजासारखा हात बहिणीकडे केला.

“इ म्हणजे जावई,” धाकटी म्हणाली. “अ म्हणजे कारकून.”

साहेबांचा हात हवेतच राहिला.

“आणि आ?” अध्यक्षांनी विचारलं.

“आ पण कारकूनच, सर. त्याच नमुन्याचा दुसरा भाग.”

 एक सदस्य काहीतरी लिहीत होता, तो थांबला.

“थांबा,” अध्यक्ष म्हणाले. “यांच्या म्हणण्याप्रमाणे अ कुठल्याही किमतीला सोडायचा नाही. आ आजच्या आज काढायचा. म्हणजे एकाच वळूचा अर्धा भाग ठेवायचा आणि अर्धा लिलावात द्यायचा?”

“तसं होतंय खरं,” धाकटी म्हणाली.

“कुठला अर्धा?”

खिडकीत डॉक्टरीणबाईंचा चेहरा आला होता. त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. साहेब एका क्षणात ‘नळ्या बदलल्या’ असं म्हणू शकले असते. बहिणीवर ढकलून मोकळे झाले असते, आणि कारकून संध्याकाळी गाडीत चढला असता. तेवढा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना खिडकीतून दिसलाही. पण त्यांनी पुन्हा एकदा अ पाहिला. तो आलेख फारच सुंदर होता. शास्त्रज्ञ माणूस चांगल्या आलेखाशी बेइमानी करताना कचरतो.

“दोष वळूचा नाही,” साहेब घसा साफ करून म्हणाले. “तयारीचा आहे. अ ताबडतोब फिरवला असणार. आ वाट पाहत ठेवलेला असणार. थांबवून ठेवलं की शुक्रजंतूंचं सगळं बळ नुसतं थांबण्यातच खर्च होतं. मग मोजताना ते मेल्यासारखे दिसतात. आणि जो उशिरा येतो तो ताजातवाना दिसतो. आपण त्यालाच कर्तबगार समजतो. वास्तविक त्याच्या उशिरामुळेच दुसऱ्याची वाट लागलेली असते.”

हे ते मनापासून, अध्यक्षांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलले.

अध्यक्षांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. “तुम्ही मला बोलताय का?”

“नाही नाही! शुक्रजंतूंबद्दल...”

“रस्त्यात गाडी बंद पडली होती आमची.”

“सर, मी म्हणजे चयापचयाबद्दल...”

“साहेब फार वेळ फाटकात उभे होते, सर,” खिडकीतून डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. “त्यांना आता साखरेची गरज आहे. चहा पाठवू का?”

एक सदस्य फसकन हसला आणि त्याने ते खोकल्यावर निभावून नेलं. अध्यक्षांना आता दोनच मार्ग होते. रागावायचं, म्हणजे टोमणा आपल्यालाच लागला हे कबूल करायचं, किंवा हसायचं. ते खात्यात उगाच वर चढले नव्हते. ते हसले.

“पाठवा,” ते म्हणाले. “मग कारकून राहतो?”

“राहतो,” साहेब म्हणाले.

“आणि तो उशिरा येणारा?”

“तोही चांगलाच आहे, सर,” साहेब म्हणाले, आणि अध्यक्षांना बरं वाटलेलं सगळ्यांनी पाहिलं.

“पण यादीतला एक मोठा नग मला कमी करून न्यायचाच आहे,” अध्यक्ष चहाचा कप हातात घेत म्हणाले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “हे यंत्र किती जुनं आहे?”

साहेब सेंट्रिफ्यूजच्या आणि अध्यक्षांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. पण उशीर झाला होता. सदस्याचं पेन चालू लागलं होतं.

समिती गेली. साहेब बराच वेळ यंत्रावर हात ठेवून बसले. मग उठले, कोट झटकला आणि भिंतीला वळसा घालून गोठ्यात आले. त्यांच्या सगळ्या नोकरीत ते इथे पहिल्यांदाच येत होते. वळू त्यांना थेंबाने माहीत होता, आकाराने नव्हता, त्यामुळे दारातच एक पाऊल मागे सरकले. मग धीर करून पुढे झाले आणि पहिल्या दावणीसमोर उभे राहिले.

“हे बघ,” ते वळूला म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसला. “झालं ते झालं. तुझ्याबद्दल माझा गैरसमज झाला होता. वेळेवर येणाऱ्याची मी कदर केली नाही. यापुढे तुला थांबावं लागणार नाही.”

त्यांनी घाबरत हात पुढे केला आणि कपाळावर थोपटलं.

मागून आलेल्या धाकटीने तोंड उघडलं. “अगं दादा, तो तर...”

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. जावयाने क्षमायाचना शांतपणे ऐकून घेतली, हक्काची असल्यासारखी. मग खोट्या गायीकडे पाहतो तसं साहेबांकडे आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने पाहिलं.

पलीकडच्या दावणीला कारकून चारा संपवून कधीच झोपला होता.